वादळातून वाट

२ मे १९५३ चा तो दिवस. बंगाली पंचांगाचा वैशाख चालू होता आणि कलकत्त्याचे लोक उकाड्याने हैराण झाले होते. सायंकाळी साडेचारच्या सुमारास डमडम विमानतळावरून एक रुपेरी जेट विमान दिल्लीच्या दिशेने उडाले. ते सिंगापूरहून लंडनला निघालेले होते. त्यात ३७ उतारू आणि ६ कर्मचारी होते. विमानाच्या जातीचे नाव ‘कॉमेट’, म्हणजे धूमकेतू. आपण वर चढत आहोत, असा बिनतारी संदेश वैमानिकाने विमानतळाला पाठविला. त्यानंतर विमानतळाने पुनःपुन्हा हाका मारल्या. परंतु उत्तर आले नाही.

कलकत्त्याच्या पश्चिमेस सुमारे २५ मैलांवर त्या वेळी मुसळधार पाऊस कोसळत होता. तेथल्या खेडुतांनी ढगांतून एक जळती वस्तू खाली येताना पाहिली. ते विमान होते, पण त्याला पंख नव्हते. उड्डाणाला जेमतेम सहा मिनिटे झाली होती. ४३ जणांपैकी एकही वाचला नाही.

योगायोग असा, की बरोबर एक वर्षापूर्वी, २ मे १९५२ रोजी, याच जातीच्या विमानाने लंडनहून जोहान्सबर्गकडे उड्डाण केले होते. उतारूंना घेऊन ठरावीक वेळापत्रकाप्रमाणे जाणाऱ्या जेट विमानाची जगातील ती पहिलीच फेरी. त्या दिवसापासून कॉमेटचे सर्वत्र कौतुक चालले होते, आणि ते अनाठायी नव्हते. जुनी पंख्यांची विमाने ताशी तीनशे मैलांच्या आसपास वेगाने, ढगांच्या थरांतून गचके खात जात. कॉमेट ताशी सुमारे साडेचारशे मैल वेगाने आणि ३५ ते ४० हजार फूट उंचीवरून जाई. तेथे हवा विरळ असते व ढग बहुधा खालीच राहतात. जेट विमान वादळाच्या डोक्यावरून जाते. मग वादळाचे भय कशाला, असे लोकांना वाटू लागले होते.

परंतु चाळीस हजार फुटांवर जाण्यासाठी विमानाला प्रथम जमिनीवरून उठावे लागते, आणि शेवटी पुन्हा जमिनीवर यावे लागते. ढगांचा पट्टा त्याला दोनदा ओलांडावा लागतोच. कलकत्त्याचे विमान या चढणीवरच होते.

चैत्र-वैशाखात बंगालवर जी वादळे येतात त्यांना तेथील लोक ‘कालबैसाखी’ म्हणतात. आपल्याकडचा वळीव ज्यांनी पाहिला आहे त्यांना या वादळाची कल्पना येईल. मात्र बंगालचे हे वादळ वळवाहून पुष्कळच उग्र. दिवसभर तापलेली दमट हवा वेगाने वर चढते. तिच्यातील बाष्पाचे पाणी होते, आणखी वर गेल्यावर गारा होतात. ढग माजघराच्या धुरासारखा फुगत फुगत चाळीस-पन्नास हजार फुटांपर्यंत पोचतो. मग पाऊस आणि गारा खाली येऊ लागल्या, की त्यांच्याबरोबर थंड हवेचा लोंढाही खाली कोसळतो. अशा रीतीने एकाच ढगात एक झोत वर जात असतो आणि त्याला लागूनच दुसरा खाली येत असतो. विमान एका झोतातून दुसऱ्यात शिरले, की त्याला कोणी तरी उचलून आपटल्यासारखे होते.

यात वेगाचा वाटा मोठा आहे. खाचखळग्यांच्या रस्त्यावरून बैलगाडी हळूहळू गेली तर बसणाऱ्याला नुसते हेलकावे बसतात. त्याच रस्त्यावरून मोटार भरधाव नेली तर तिचे पाटे मोडतील. हवेच्या गचक्यांचेही तसेच आहे. विमान जितके वेगवान, तितका झोताचा आघात जबर. पंख्यांच्या विमानांनी जे वादळ कुरकुरत का होईना सोसले असते, ते जेट विमानाला भारी पडू शकते, ही गोष्ट १९५३ साली वैमानिकांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. पडणार तरी कशी? जेट विमानांतून उतारू नेण्याचा जगाचा सारा अनुभव एक वर्षाचा होता.

कलकत्त्याच्या अपघाताची चौकशी भारत सरकारने केली. अवशेष शेतांतून व चिखलातून गोळा झाले. त्यांतील महत्त्वाचे भाग इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील संशोधनशाळेत नेऊन जुळविण्यात आले. मोडतोडीचा आरंभ शेपटीच्या आडव्या भागाकडून झाला आणि मग पंख तुटले, असे तेथील तज्ज्ञांना दिसून आले. वादळात सापडून विमानाचा सांगाडा मोडला, एवढे ठरले. पण हा सांगाडा केवळ वाऱ्याच्या तडाख्याने मोडला, की तडाख्यातून विमान सावरताना वैमानिकाने सुकाणूचा दांडा वाजवीपेक्षा जोराने ओढला म्हणून मोडला? चौकशीने दोन्ही शक्यता नोंदविल्या. यांपैकी खरी कोणती, हे सांगू शकणारी माणसे आता बोलणार नव्हती.

दुसरी शक्यता ऐकून त्या मृत वैमानिकास कोणी बोल लावील, तर तो अन्याय होईल. जुन्या विमानांत दांड्यापासून शेपटीच्या हलत्या फळीपर्यंत तारा असत. वेग वाढला म्हणजे फळीवर हवेचा दाब वाढे आणि तो तारांमधून वैमानिकाच्या हाताला जाणवे. दांडा जड लागू लागला, की आता जपून, असे हातच सांगे. कॉमेटमध्ये ही फळी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने हलत असे. दांडा वेगात व मंदगतीत सारख्याच सहजतेने वळे. शेपटीवर किती भार येत आहे हे हाताला कळण्याची सोयच नव्हती. यंत्राने माणसाचे श्रम वाचविले, पण त्याबरोबर त्याची जाणीवही काढून घेतली.

या अपघातानंतर कॉमेटच्या दांड्याला कृत्रिम जडपणा देण्याची योजना झाली. वेग जसा वाढेल तसा दांडा मुद्दाम जड होत जाईल, अशी यंत्ररचना नंतरच्या विमानांत बसविण्यात आली. गेलेली जाणीव अशा रीतीने वैमानिकाच्या हाताला परत मिळाली. त्याचबरोबर विमानाच्या नाकात हवामानाचे रडार बसविण्याचेही ठरले. रडारमधून निघालेल्या बिनतारी लहरी पावसाच्या थेंबांवर आपटून माघारी येतात आणि पुढे किती मैलांवर किती दाट पाऊस आहे हे वैमानिकासमोरच्या काचेवर उमटते. रात्रीच्या अंधारात अथवा साध्या ढगाच्या आड लपलेले वादळही यामुळे दिसू लागले. कलकत्त्याच्या विमानाला असा डोळा नव्हता.

कॉमेटचे दुर्दैव येथे संपले नाही. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून लंडनला निघालेले एक कॉमेट भूमध्य समुद्रात एल्बा बेटाजवळ कोसळले आणि त्यातील ३५ जण मृत्यू पावले. तेथे तर वादळही नव्हते. त्याच वर्षी ८ एप्रिलला आणखी एक कॉमेट इटलीजवळच समुद्रात पडले व २१ जणांचा अंत झाला. तेव्हा फार्नबरो येथे पाण्याच्या प्रचंड टाकीत एक अख्खे कॉमेट ठेवून, त्यात पाण्याचा दाब पुनःपुन्हा वाढवून व उतरवून पाहण्यात आले. एके दिवशी ते धातूच्या थकव्यामुळे फाटले. वर्तमानपत्रांनी या शोधाचा मोठा गाजावाजा केला आणि तो योग्यच होता. परंतु वादळाच्या प्रश्नाचे उत्तर काही त्या टाकीत नव्हते.

विमान कोसळले की विमानाबरोबर त्याची हकीकतही नष्ट होते, ही खरी अडचण होती. ती दूर करण्याचा मार्ग ऑस्ट्रेलियातील एका रसायनशास्त्रज्ञास सुचला. त्याचे नाव डेव्हिड वॉरन.

वॉरन नऊ वर्षांचा असताना, १९३४ साली, त्याचे वडील विमानाने प्रवास करीत होते. ते विमान ऑस्ट्रेलिया व टास्मानिया यांच्यामधील सामुद्रधुनीवर नाहीसे झाले. ते का पडले हे कोणालाच निश्चित सांगता आले नाही. वडिलांनी त्याला शेवटची भेट म्हणून एक साधा रेडिओसंच दिला होता. त्या रेडिओशी खेळता खेळता मुलाला आवाज पकडण्याच्या यंत्रांचे वेड लागले. पुढे तो मेलबर्न येथील विमानविद्येच्या प्रयोगशाळेत इंधनाचा तज्ज्ञ झाला. कॉमेटच्या अपघातांची कारणे शोधण्यासाठी तज्ज्ञांच्या बैठकी होत असत. त्यांत तर्कांवर तर्क चालत. तेथे बसलेल्या वॉरनला नुकतेच एका प्रदर्शनात पाहिलेले खिशात मावणारे ध्वनिमुद्रण यंत्र आठवले. असे एक यंत्र त्या विमानात असते आणि ते सापडले असते, तर वैमानिकांचे शेवटचे बोलणे ऐकता आले असते!

कल्पना साधी होती. म्हणूनच की काय, ती कोणाला फारशी पटली नाही. अपघाताच्या आगीत व आघातात टिकेल अशी पेटी वॉरनने स्वतः करून दाखविली. तिच्यात पोलादाची बारीक तार होती आणि त्या तारेवर चार तासांचे बोलणे व आठ उपकरणांची मापे नोंदली जात. तरीही अधिकारी उदासीन राहिले. वैमानिकांच्या संघटनेला तर हा आपल्यावर बसविलेला हेर वाटला. त्यांचा राग अगदीच गैर नव्हता. आपला प्रत्येक शब्द कोणी टिपून ठेवीत आहे हे कोणाला आवडेल? १९५८ साली एका इंग्रज पाहुण्याने ही पेटी पाहिली आणि तिचे महत्त्व ओळखले. तेथून तिचा प्रवास सुरू झाला. ‘काळी पेटी’ म्हणून जी ओळखली जाते ती हीच. वास्तविक तिचा रंग भडक नारिंगी असतो, म्हणजे अवशेषांच्या राशीत ती चटकन नजरेस पडते.

दरम्यान अमेरिकेत मोठ्या जेट विमानांवर दुसऱ्या प्रकारचे नोंदयंत्र बसविणे सक्तीचे झाले होते. त्यात धातूच्या पातळ पत्र्यावर सुईने रेघा ओढल्या जात. उंची, वेग, दिशा आणि गचके, एवढेच त्या रेघा सांगत. आवाज नव्हता. पण या मुक्या रेघांनीच जेट विमानांच्या इतिहासातील एक मोठे कोडे सोडविले.

१२ फेब्रुवारी १९६३ रोजी अमेरिकेतील मायामी शहरावर मेघगर्जनेचे वादळ पसरलेले होते. एक बोइंग ७२० विमान शिकागोस जाण्यासाठी निघाले. या विमानाला रडार होते आणि जमिनीवरचे नियंत्रकही त्यास वादळाच्या कडेकडेने वाट दाखवीत होते. वैमानिक अनुभवी होते. तरीही उड्डाणानंतर सुमारे पंधरा मिनिटांत विमान हवेत मोडले आणि मायामीच्या पश्चिमेच्या विस्तीर्ण दलदलीत त्याचे तुकडे विखुरले. विमानात ४३ माणसे होती. कलकत्त्याला होती तितकीच. याही वेळी कोणी वाचले नाही.

दलदलीतून नोंदीचा पत्रा हाती आला. तज्ज्ञांनी रेघा मोजल्या तेव्हा दिसले, की विमान प्रथम विलक्षण वेगाने वर फेकले गेले. एका मिनिटात नऊ हजार फूट, इतका तो चढण्याचा वेग होता. १९ हजार फुटांच्या वर जाऊन ते थबकले. लगेच रेघ उलटी फिरली आणि विमान नाक खाली करून कोसळू लागले. त्या क्षणी आतील माणसे आसनांतून वर, छताकडे ओढली गेली असणार. वेग भयंकर वाढला आणि तो आवरण्याच्या प्रयत्नात सांगाडा मोडला. पण वाऱ्याच्या नुसत्या झोताने विमान इतके खाली वळेल, असे गणित जमेना. कोणी तरी दांडा बराच पुढे ढकललेला असला पाहिजे.

अनुभवी वैमानिकाने असे का करावे? त्याच्या जागी बसून पाहिले म्हणजे उलगडा होतो. बाहेर काळोख व पाऊस आहे. क्षितिज दिसत नाही. आसन इतके हादरते आहे, की समोरच्या तबकड्यांवरचे आकडे धड वाचता येत नाहीत. वर जाणाऱ्या झोताने विमान उचलले आणि उंचीचा काटा भराभर फिरू लागला. वैमानिकाला शिकविलेले असते, की उंची ठरल्याप्रमाणे राखावी. तो दांडा पुढे ढकलतो. वेगाचा काटाही चुकीच्या बाजूस चालला आहे, म्हणून आणखी ढकलतो. इतक्यात विमान त्या झोतातून बाहेर पडते आणि खाली जाणाऱ्या झोतात शिरते. आता वारा खाली दाबतो आहे आणि वैमानिकाचा हातही खालीच दाबतो आहे. दोघांचे बळ एक झाले. जेट विमान गुळगुळीत व सडपातळ असल्यामुळे उतरणीला लागले, की त्याचा वेग पाहता पाहता आवाक्याबाहेर जातो. चौकशी मंडळाने आपल्या निर्णयात हेच म्हटले: उभ्या झोतांचा जोर आणि दांड्याच्या मोठ्या हालचाली यांचा दुर्दैवी संयोग झाला.

कलकत्त्याच्या चौकशीने ज्या दोन शक्यता वेगवेगळ्या नोंदविल्या होत्या, त्या येथे एकत्र आलेल्या दिसल्या. म्हणून कलकत्त्यालाही असेच घडले असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. त्या विमानाने आपल्या मागे रेघा ठेवल्या नव्हत्या.

यानंतर विमान-कंपन्या, कारखाने आणि ‘नासा’ ही अमेरिकेची संस्था कामाला लागली. जमिनीवर विमानाच्या नकली खोल्या करून, त्या गदागदा हलवून, आत वैमानिकांना बसविण्यात आले आणि ते काय करतात हे पाहण्यात आले. त्यातून वादळात विमान चालविण्याची रीतच बदलली. पूर्वीची शिकवण होती, उंची राखा, वेग राखा. नवी शिकवण उलटी होती. वादळात शिरावेच लागले तर आधी वेग ठरलेल्या मर्यादेपर्यंत कमी करावा. फार कमी करू नये, नाही तर पंखांना विमान तोलून धरणे जमणार नाही. मग उंचीच्या व वेगाच्या काट्यांमागे धावू नये. विमान हजार-दोन हजार फूट वर-खाली गेले तर जाऊ द्यावे. कृत्रिम क्षितिज दाखविणाऱ्या तबकडीकडे पाहून विमानाचे नाक आणि पंख सपाट राहतील एवढेच करावे, आणि तेही हलक्या हाताने. शेपटीचा आडवा पंख मूळच्या जागेवरून हलवू नये. कृत्रिम क्षितिजाच्या काही तबकड्या विमान फार कलले असता नीट वाचता येत नव्हत्या. त्या सुधारण्यात आल्या.

संकटात सापडलेल्या माणसाला, कमी हालचाल कर, असे सांगणे अवघड असते. पोहण्यात मुरलेल्या माणसाला विचारा; भोवऱ्यात हातपाय झाडणाराच आधी दमतो, असे तो सांगेल. वैमानिकांना हा संयम तोंडी उपदेशाने आला नाही. नकली खोलीत बसून शेकडो वेळा गचके खाल्ल्यावर तो हाताला लागला.

त्याच वर्षी, ८ डिसेंबर १९६३ रोजी, अमेरिकेतच आणखी एक अपघात घडला. फिलाडेल्फिया येथे वारा फार असल्यामुळे एक बोइंग ७०७ विमान उतरण्याची वाट पाहत आकाशात घिरट्या घालीत होते. त्याच्यावर वीज पडली. डाव्या पंखाच्या टोकाकडील टाकीत इंधनाची वाफ व हवा यांचे मिश्रण होते, त्याचा स्फोट झाला आणि जळते विमान मेरिलँड राज्यातील एल्कटन गावाजवळ कोसळले. ८१ जण मरण पावले. विजेने विमान पडू शकते यावर तोवर पुष्कळ तज्ज्ञांचा विश्वास नव्हता.

सरकारने प्रथम घाईने हुकूम काढला, की सर्व जेट विमानांच्या पंखांना विद्युत्भार हवेत सोडणाऱ्या बारीक काड्या बसवाव्यात. या काड्या उपयोगी खऱ्या, पण त्या विजेला अडवीत नाहीत. खरा उपाय सावकाश आला. टाकीजवळचा पत्रा जाड करावा, म्हणजे वीज त्याला भोक पाडणार नाही. विमानाचे सर्व भाग धातूने एकमेकांस जोडावेत, म्हणजे फटीत ठिणगी उडणार नाही. टाकीतील वाफ बाहेर जाण्याच्या नळीत ज्वाला शिरू नये अशी जाळी असावी. १९६७ साली इंधनव्यवस्थेच्या विद्युत्-संरक्षणाचा स्वतंत्र नियम अमेरिकेत झाला. आजही उडत्या विमानांवर विजा पडतात. डोळे दिपविणारा लखलखाट होतो, मोठा आवाज होतो आणि वीज कवचावरून वाहत जाऊन दुसऱ्या टोकाने निघून जाते. विमान पुढे चालू लागते.

वॉरनची बोलती पेटीही अखेर मान्य झाली. १९६० साली ऑस्ट्रेलियात मॅके येथे एक विमान समुद्रात पडले आणि २९ जण गेले. तेव्हाही चौकशीला निश्चित कारण सापडले नाही. त्यानंतर विमानात ध्वनिमुद्रण सक्तीचे करणारा ऑस्ट्रेलिया हा पहिला देश ठरला. आता जगातील प्रत्येक मोठ्या उतारू विमानात मापांची नोंद करणारे यंत्र आणि आवाजाचे यंत्र अशी दोन्ही असतात. वॉरन २०१० सालापर्यंत जगला. त्याच्या वडिलांचे विमान मात्र का पडले, ते शेवटपर्यंत अज्ञातच राहिले.

कलकत्त्याचे नाव आता कोलकाता झाले आहे. कालबैसाखी मात्र पूर्वीसारखीच येते. चैत्र-वैशाखात सायंकाळी वायव्येकडून काळा ढग चढू लागला, की विमानतळाकडे येणारी विमाने रडारवरचा तांबडा डाग पाहून दूरवर घिरट्या घालतात, अगर भुवनेश्वरासारख्या दुसऱ्या गावी जाऊन उतरतात. निघणारी विमाने जमिनीवरच उभी राहतात. आत बसलेले उतारू घड्याळाकडे पाहून कुरकुर करतात. एखादे मूल खिडकीला नाक लावून पाऊस पाहत असते. तास-दीड तासाने ढग ओसरतो, धावपट्टीवरचे पाणी चमकू लागते आणि विमाने एकामागून एक दिल्लीकडे, मुंबईकडे निघतात.